मुलगा सज्ञान, गाडी तुमच्या नावावर : जबाबदारी नेमकी कोणाची?

“मुलगा चोवीस वर्षांचा आहे, त्याचं लायसन्स आहे. त्याने कुणाला उडवलं तर पोलीस मला उचलतील का?” आणि “मुलगा सज्ञान आहे ना, मग नोटीस माझ्या नावाने कशी आली?” हे दोन प्रश्न पालक पुन्हा पुन्हा विचारतात. पहिल्या प्रश्नात नको तेवढी भीती आहे आणि दुसऱ्यात नको तेवढी निर्धास्ती. घरातली दुचाकी किंवा चारचाकी आपल्या नावावर असेल आणि ती मुलगा किंवा मुलगी चालवत असेल, तर पुढचे मुद्दे नीट वाचा. यातल्या बऱ्याच गोष्टी अपघाताच्या आधी अर्ध्या तासात मार्गी लागतात. अपघातानंतर त्याच गोष्टींसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात खेटे घालावे लागतात.

आधी मूळ नियम

मूल अठरा वर्षांचे झाले की त्याच्या गुन्ह्याची शिक्षा त्याचीच. तुम्ही केवळ आई किंवा वडील आहात म्हणून बेदरकार वाहन चालवल्याचा किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा तुमच्यावर लागत नाही. तुमचे लायसन्सही त्याच्या चुकीसाठी निलंबित होत नाही.

गोंधळ होतो तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ मुळे. २०१९ च्या दुरुस्तीने हे कलम आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर त्यात पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या अपघातानंतर या तरतुदीची घरोघरी चर्चा झाली, कारण तिथे चालक अल्पवयीन होता. सज्ञान मुलाच्या पालकांना हे कलम लागू नाही.

तरीही सज्ञान मुलाच्या पालकांवर तीन वाटांनी जबाबदारी येते. म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा :

- आरसी बुकावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे?
- किल्ली कोणी दिली, आणि देताना त्याला काय माहीत होते?
- अपघातानंतर घरच्यांनी काय केले?

गाडी तुमच्या नावावर असेल तर

अपघातात कोणी दगावले किंवा जखमी झाले, तर भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. त्यात चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांना प्रतिवादी केले जाते. कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. गाडी कोण वापरतो किंवा पेट्रोल कोण भरतो हा मुद्दा नंतरचा. आईला गाडी चालवता येत नसली तरी गाडी तिच्या नावावर असेल, तर समन्स आईच्या नावाने निघेल.

भरपाईची रक्कम किती असू शकते याचा अंदाज असावा. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलेली पद्धत अशी चालते :

- मृत व्यक्ती ३५ वर्षांची, स्वतःचा व्यवसाय, महिना ३०,००० रुपये कमाई, मागे चार अवलंबून, असे समजा.
- वर्षाचे उत्पन्न ३,६०,००० रुपये. भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले की ५,०४,००० रुपये.
- मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा केले की ३,७८,००० रुपये.
- या वयासाठीचा गुणक १६. एकूण ६०,४८,००० रुपये.

यावर अंत्यविधी वगैरेंसाठीच्या ठरावीक रकमा आणि व्याज वेगळे. दीडशे सीसीपर्यंतच्या दुचाकीचा थर्ड पार्टी विम्याचा हप्ता वर्षाला हजार रुपयांहूनही कमी असतो. तो चुकवला, तर साठ लाखांचा हा बोजा चालक आणि मालक यांच्यावर येतो. रक्कम भरली नाही, तर न्यायाधिकरण कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवू शकते. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. मुलाच्या एका चुकीची झळ वडिलांच्या सातबाऱ्यापर्यंत पोहोचते ती या मार्गाने.

विमा असूनही वसुली तुमच्याकडून कधी होते?

विमा कंपनीने जखमीला किंवा वारसांना आधी पैसे द्यायचे आणि मग ते मालकाकडून वसूल करायचे, असे आदेश न्यायाधिकरणे अनेकदा देतात. त्याची मुख्य कारणे अशी :

- चालकाकडे लायसन्सच नव्हते, किंवा होते ते त्या प्रकारच्या वाहनाचे नव्हते.
- चालक दारूच्या अंमलाखाली होता.
- खासगी वापराची गाडी भाड्याने प्रवासी किंवा माल नेण्यासाठी वापरली जात होती.

लायसन्सच्या बाबतीत स्वर्ण सिंह खटल्याचा (२००४) निकाल मालकाला आधार देतो. मालकाने पुरेशी खबरदारी घेतली होती की नाही हे त्यात पाहिले जाते आणि मालकाने जाणूनबुजून अट मोडल्याचे विमा कंपनीला सिद्ध करावे लागते. पण नोकरीला ठेवलेल्या ड्रायव्हरबाबत “मला माहीत नव्हते” हे पटू शकते. एका छताखाली राहणाऱ्या मुलाबाबत ते पटवणे फार कठीण जाते. त्याच निकालानुसार शिकाऊ लायसन्सही वैध धरले जाते. मात्र शिकाऊ चालकाने ‘एल’ पाटी लावणे आणि चारचाकीत पक्के लायसन्स असलेली व्यक्ती शेजारी बसवणे बंधनकारक आहे.

घरचा छोटा हत्ती मुलगा चालवत असेल, तर आणखी एक माहिती उपयोगाची आहे. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी हलक्या वाहनाचे लायसन्स पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

किल्ली दिल्याने लागणारे गुन्हे

इथे प्रश्न भरपाईचा नाही. पुढील गुन्हे थेट तुमच्या नावावर नोंदले जाऊ शकतात :

- लायसन्स नसलेल्याला गाडी देणे (कलम १८०) : तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मूल सज्ञान असले तरी हे कलम लागते. मुलावर कलम १८१ खाली वेगळा गुन्हा होतो.
- विमा नसलेली गाडी चालवू देणे (कलम १९६) : तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये.
- धोकादायक किंवा नशेतल्या वाहन चालवण्याला चिथावणी अथवा मदत (कलम १८८) : मुलगा प्यायलेला आहे हे समोर दिसत असताना “जा, मित्रांना सोडून ये” म्हणून किल्ली हातात दिली, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा मदत करणाऱ्याला होऊ शकते. दारू पिऊन गाडी चालवण्याची पहिल्या गुन्ह्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी आहे.

मुलाने न विचारता गाडी नेली असेल, तर “मी परवानगी दिली नव्हती” हा कलम १८० मधला खरा बचाव आहे. पण किल्ली रोज दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असेल आणि तो ती नेहमी नेत असेल, तर त्यात तुमची संमती होती असे धरले जाण्याची शक्यता मोठी. लायसन्स नसलेल्या किंवा पिण्याची सवय असलेल्या मुलाच्या हाताला किल्ली लागणार नाही, अशी ती कुलपात ठेवा.

अपघात झाला : पहिले चोवीस तास

घरी फोन येतो तेव्हा डोके चालत नाही. म्हणून क्रम आधीच ठरवून ठेवा.

1. जखमीला आधी मदत. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. जमाव हिंसक झाल्यासारखी चालकाच्या हाताबाहेरची कारणे सोडली, तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे कलम १३४ खाली त्याचे कर्तव्य आहे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. रुग्णालयात त्याची चौकशी करा.
2. मुलाने स्वतः पोलिसांना कळवावे. जमावाच्या भीतीने तो तिथून निघाला असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. उशिरात उशिरा चोवीस तासांत कळवणे बंधनकारक आहे. यात कसूर केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
3. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. पॉलिसी क्रमांक, वेळ, ठिकाण, चालकाचे नाव आणि लायसन्सचा तपशील द्या. पोच जपून ठेवा.
4. पोलिसांनी विचारल्यास चालकाचे खरे नाव सांगा. कलम १३३ खाली मालकावर ही जबाबदारी आहे.
5. गाडीला हात लावू नका. पंचनामा आणि आरटीओची तपासणी होईपर्यंत दुरुस्ती, धुणे, काच बदलणे यातले काहीही नको.
6. गाडी परत मिळवण्यासाठी नोंदणीकृत मालकाने न्यायालयात अर्ज करायचा असतो. गाडी सुपुर्तनाम्यावर मिळते. विमा नसलेली गाडी पुरेसे तारण दिल्याशिवाय सहसा सुटत नाही.

मुलाला वाचवण्याच्या नादात

अपघाताशी काडीचा संबंध नसलेले आईवडील आरोपी होतात ते बहुतेक या टप्प्यावर. मुलाच्या काळजीने जीव कासावीस झालेला असतो, आजूबाजूचे लोक सल्ले देत असतात, आणि अशा वेळी पुढच्या चुका घडतात :

- “गाडी मी चालवत होतो” असे वडिलांनी सांगणे, किंवा घरच्या ड्रायव्हरला तसे सांगायला लावणे.
- मुलाला नातेवाइकांकडे गावी पाठवणे, त्याचा फोन बंद करायला सांगणे.
- नंबरप्लेट किंवा डॅशकॅमचे कार्ड काढणे, चित्रीकरण पुसणे.
- रक्ताची तपासणी लांबवणे किंवा त्यात ढवळाढवळ करणे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली पुरावा नाहीसा करणे आणि गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. कलम २४९ खाली गुन्हेगाराला आसरा देणे हाही गुन्हा आहे. आसरा देण्याच्या गुन्ह्यातून सूट फक्त पतीला किंवा पत्नीला आहे. आईवडिलांना ती सूट नाही.

जुलै २०२४ मध्ये वरळीला मोटारीच्या धडकेत एका महिलेचा मृत्यू झाला. चालक सज्ञान होता. मुलाला पळून जायला मदत केल्याच्या आरोपावरून त्याच्या वडिलांनाही अटक झाली. कल्याणीनगरच्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून चालकाच्या आईलाही अटक झाली. दोन्हीकडे हे आरोप अपघातानंतर घरच्यांनी काय केले याबद्दलचे आहेत.

कायद्याने शक्य असलेली मदत भरपूर आहे : वकील शोधा, त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जा, जामिनाची तयारी करा, औषधे आणि कपडे पोहोचवा. निष्काळजीपणे मृत्यूस कारण ठरण्याचा गुन्हा, म्हणजे कलम १०६ चे पहिले पोटकलम, जामीनपात्र आहे. त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. पळून जाणे, खोटे बोलणे आणि पुरावा लपवणे यांमुळे प्रकरण जास्त बिकट होते आणि जामीन मिळणेही अवघड होऊ शकते. तुम्ही मुलाला जामीन राहणार असाल, तर तारखांना तो हजर राहील याची हमी तुमची असते. तो गैरहजर राहिला तर बंधपत्राची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते.

पोलीस घरी आले तर तुमचे हक्क

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तुम्हाला पुढील संरक्षण आहे :

- मुलगा सापडत नाही म्हणून त्याच्या बदल्यात आईवडिलांना बसवून ठेवता येत नाही. तुमच्यावर स्वतंत्र गुन्ह्याचा संशय असेल तरच तुम्हाला अटक होऊ शकते.
- साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल, तर महिलांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. चौकशी राहत्या घरी करावी लागते (कलम १७९).
- अटक केल्यास तिची कारणे सांगावी लागतात आणि तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावे लागते. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. मुलाच्या अटकेलाही हेच नियम आहेत.
- तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, ६० वर्षांवरील किंवा आजारी व्यक्तीला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही.
- महिलेला सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी असल्याशिवाय अटक करता येत नाही.
- वकील परवडत नसेल, तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, अथवा १५१०० वर फोन करा. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

न्यायाधिकरणाचे समन्स मात्र कधीही टाळू नका. “आपली विमा कंपनी बघून घेईल” म्हणून घरी बसलात, तर तुमची बाजू न ऐकता एकतर्फी निकाल लागू शकतो. पहिल्या तारखेला हजर राहून लायसन्स, पॉलिसी आणि आरसीच्या प्रती दाखल करा.

मुलालाच इजा झाली तर?

हा मुद्दा फार थोड्या घरांत माहीत असतो. मुलगा तुमची गाडी घेऊन गेला, स्वतःच्या चुकीने पडला आणि दगावला, तर त्याच गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून वारसांना भरपाई मिळत नाही. गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने रामखिलाडी खटल्यात (२०२०) सांगितले आहे. पॉलिसीतले १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षणही नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असेल तर मिळते. म्हणून रोज गाडी चालवणाऱ्या मुलासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा.

गाडी कोणाच्या नावावर ठेवावी?

- मुलगा कमावता आहे आणि गाडी तोच वापरतो : गाडी त्याच्या नावावर करा. नमुना २९ आणि ३० भरून आरटीओत हस्तांतरण होते. कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र लागते. पॉलिसीवरचे नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करा. मग मालक म्हणून येणारी जबाबदारी त्याची होते आणि १५ लाखांचे संरक्षणही त्याला मिळते. तुम्ही कर्जाला जामीनदार असाल, तर ते दायित्व कर्जाच्या हप्त्यांपुरतेच असते.
- मुलगा शिकतो आहे, गाडी घरात सगळेच वापरतात : गाडी तुमच्या नावावर राहू द्या, पण विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नका आणि चालवणाऱ्या प्रत्येकाचे लायसन्स तपासा.
- गाडी विकली, कागद केले नाहीत : स्टॅम्प पेपरवर करार करून गाडी दिली तरी आरसीवर नाव तुमचे असेल, तर भरपाईची जबाबदारी तुमचीच राहते. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात (२०१८) हे ठामपणे सांगितले. विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवा.
- गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर आहे : वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून हस्तांतरण करून घ्यावे. मृत व्यक्तीच्या नावावरची दुचाकी वर्षानुवर्षे वापरणारी कुटुंबे गावोगाव आहेत. विम्याचा वाद तिथे ठरलेलाच.

चलान तुमच्या मोबाइलवर येते तेव्हा

कॅमेऱ्याला चालक ओळखता येत नाही. तो क्रमांक टिपतो, म्हणून ई-चलान मालकाकडे येते. फोटो उघडून तारीख, ठिकाण आणि गाडी आपलीच आहे का ते पाहा. चूक असेल तर पोर्टलवर तक्रार नोंदवा. बरोबर असेल तर मुलाला तो फोटो दाखवा आणि दंड त्याच्या पैशांतून भरायला लावा. सतत येणारी वेगमर्यादेची, ट्रिपल सीटची चलाने हा पालकांना वेळेवर मिळालेला इशारा असतो. बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाके वाजवत फिरत असेल, तर कलम १९० खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाते.

आज रात्री करायची पाच कामे

1. आरसी, पॉलिसी आणि पीयूसी काढून तारखा पाहा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. ती मुदत संपल्याचे बऱ्याच घरांच्या लक्षातच येत नाही.
2. मुलाचे लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर पाहा. कोणत्या प्रकारच्या वाहनासाठी आहे आणि मुदत कधी संपते ते तपासा.
3. आरसीवरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक चालू आहे ना, ते बघा. नाही तर नोटीस आलेली कळणारही नाही.
4. पॉलिसीचा क्रमांक आणि विमा कंपनीचा फोन घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा.
5. मुलाला किंवा मुलीला समोर बसवून दोन वाक्ये सांगा : “प्यायला असशील तर गाडी आहे तिथे सोड आणि मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले तरी मी न्यायला येईन. आणि अपघात झालाच तर पळू नकोस, आधी पडलेल्या माणसाला उचल, मग मला कळव.”

पहिली चार कामे तुमचे घर आणि जमीन सांभाळतील. पाचवे काम रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाचा जीव वाचवू शकते आणि तुमच्या मुलालाही. ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. घाबरलेल्या क्षणी मुलाला आठवेल, इतक्या वेळा ते तुम्ही बोललेले असायला हवे.